सहावी ते आठवीचा पट आणि विषयाला शिक्षक : तुमच्याकडे काय चित्र आहे?

बालाघाटची_बाई

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज रविवार आहे आणि लाईटही आहे म्हणून बसले.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पदवीधर शिक्षिका आहे. विषय गणित-विज्ञान. शाळा पहिली ते आठवी. खालच्या वर्गांचं कधीतरी वेगळं लिहीन, हा धागा फक्त सहावी, सातवी, आठवीचा. पहिलीच्या पोरांचं प्रवेशोत्सवाला फुलं देऊन स्वागत होतं, दहावीचा निकाल पेपरात येतो. मधली ही बारा-तेरा-चौदा वर्षांची मुलं कुणाच्या गणतीत नसतात, आणि शाळा सुटते ती नेमकी याच वयात.

आमचा ३० सप्टेंबरचा पट : सहावी १७, सातवी १६, आठवी १४. एकूण ४७. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात या वर्गांसाठी स्वच्छ लिहिलंय की वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना प्रत्येकी एक माणूस मिळायला हवा. शिवाय ३५ मुलांमागे एक. आमच्याकडे आम्ही दोघंच. मी आणि समाजशास्त्राचे सर. मुख्याध्यापकाचा प्रभारही सरांकडेच. भाषेच्या बाई बदलीनं गेल्या, ती जागा तशीच. त्यामुळे इंग्रजी माझ्याकडे आणि मराठी-हिंदी सरांकडे. सर मीटिंगला तालुक्याला गेले की तिन्ही वर्ग माझ्याकडे. तेव्हा मी व्हरांड्यात उभी राहते. डावीकडे सहावी, उजवीकडे सातवी, आणि आठवीला बाहेर लिंबाखाली बसवते. मोठ्यानं बोलून बोलून शनिवारपर्यंत घसा बसतो.

आता पटाच्या आतलं बघा. ४७ पैकी ३१ मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दसरा झाला की गावात मुकादमाच्या गाड्या लागायला लागतात. यंदा दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा सातवीच्या १६ जणांपैकी ७ वर्गात होते. मी हजेरी घेत होते आणि उरलेली पोरं उत्तरं देत होती, "बाई, तो कराडकडं गेला", "ती कर्नाटकात गेली". ही मुलं मार्च-एप्रिलला परततात. तोवर सातवीची समीकरणं शिकवून झालेली असतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात करायला हातात तीन आठवडेही नसतात.

आणि ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते हे. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर हे ठरवताना, आधार वैध झालेलीच मुलं धरतात. आमच्या ४७ मधल्या ६ जणांचं जुळत नाही. चौघांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि शाळेच्या रजिस्टरला १ जून. कागद नसला की आधारवाले १ जानेवारी टाकतात आणि पूर्वीचे गुरुजी १ जून टाकायचे, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. एका मुलीचं आधार मामाच्या गावी काढलेलं, त्यावर आडनाव मामाचं. आणि एका मुलाकडे आधारच नाही. पारधी वस्तीवरचा आहे, जन्माची नोंद कुठेच नाही. सातवीत आहे. शाळेत रोज सगळ्यांच्या आधी येतो, म्हणून वर्गाची किल्ली मी त्याच्याकडेच दिली आहे. तो माझ्या समोर पहिल्या ओळीत बसतो आणि संच मान्यतेत तो नाही.

तुमच्या भागात काय परिस्थिती आहे? शिक्षक, पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, सगळ्यांनी लिहा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाई, चांगला विषय काढलात. माझी ३४ वर्षं सेवा झाली, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख म्हणून. काही गोष्टी नोंदवतो, नव्या मंडळींना मागचा संदर्भ लागेल.

आधारची अट एकाएकी आलेली नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मी एका पथकात होतो. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला निवडणुकीसारखी शाई लावत आम्ही वर्गावर्गांतून फिरलो. काही ठिकाणी पटावर नावं होती आणि मुलं नव्हती. एका शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात पट ४८, उपस्थित ४५ असं लिहिलेलं, आणि मागच्या बाकांवर बोटानं नाव काढता येईल इतकी धूळ. ते दृश्य मी विसरलेलो नाही. त्या तीन दिवसांत शिक्षकाच्या शब्दाची पत गेली. ज्यांनी खोटा पट दाखवला त्यांच्यापायी आज तुमच्या पहिल्या ओळीतल्या मुलाला यंत्रासमोर सिद्ध व्हावं लागतं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण क्रम असाच आहे.

त्यानंतर २ मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर बंदी आली. पवित्र या सरकारी शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून भरती व्हायला २०१९ उजाडलं. निवृत्त होणारे मात्र दर महिन्याला होत राहिले. आज कुठल्याही शिक्षक खोलीत बसून पाहा, पन्नाशीकडे झुकलेले शिक्षक दिसतील आणि तिशीच्या आतबाहेरचे दिसतील. मधली फळी विरळ आहे. नव्या शिक्षकाला सुरुवातीची दोन वर्षं कुणी हाताशी धरावं लागतं. ते काम ही मधली फळीच करायची.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सगळ्यांनी वाचावं. मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिक्त ठेवता येत नाहीत. परंतु मंजूर पदच कमी झालं तर रिक्त जागाही आपोआप कमी दिसते. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या शासन निर्णयावर शिक्षक संघटनांचा एवढा रोष आहे तो याचमुळे. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असलेल्या शाळांतली पदं त्यानं धोक्यात आली. डोंगरात, वाड्या-वस्त्यांवर वीसच्या खालीच पट असतो, हे त्या भागात नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पेठेतला_पालक

शिक्षक नाही, पालक आहे, पुण्यात राहतो. प्रश्न मनापासून विचारतोय, राग मानू नये.

४७ मुलांना तीन शिक्षक म्हणजे १५-१६ मुलांमागे एक. माझी मुलगी अनुदानित शाळेत सातवीला आहे, तिच्या वर्गात ५५ मुली आहेत. सरकारकडे पैसा मर्यादित असेल तर तो जास्त मुलं असतील तिकडे जायला नको का? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये समूह शाळांचा प्रस्ताव आला तेव्हा वाचलं होतं की राज्यात २० पर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा आहेत. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली होती. पाच-सहा गावांची मुलं बसनं एका मोठ्या शाळेत आणली तर प्रत्येक विषयाला शिक्षक मिळेल, प्रयोगशाळा मिळेल, खेळाचं मैदान मिळेल. यात चूक कुठे आहे ते समजून घ्यायचंय.

बालाघाटची_बाई

राग कशाला मानू, हाच प्रश्न आमच्या गावचे सरपंचही विचारतात.

आधी हिशोब बघू. वर्ग तीन, रोजच्या तासिका आठ. म्हणजे दिवसाला २४ तासिका. एका शिक्षकानं एकही तासिका मोकळी न घेता दिवसभर शिकवलं तरी आठच होतात. दोघं मिळून १६. उरलेल्या आठ तासिकांना मुलं बसून असतात, रोज. वर्गात १४ मुलं असोत की ४०, तासिका २४ च राहतात. पटाला शिक्षकांच्या संख्येनं भागलं की उत्तर देखणं येतं, पण आठवीच्या विज्ञानाचा तास त्या भागाकारातून निघत नाही. म्हणून मी म्हणते, या वयोगटाला शिक्षक मोजायचे ते वर्ग आणि विषय धरून.

आता बस. कायद्यात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर अंतर धरलंय. आमच्यापासून मोठी शाळा सात किलोमीटरवर, मध्ये घाट. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की एसटी अलीकडेच थांबते. मुलगे चालत जातीलही. सातवीची मुलगी? तिची आई नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गावात नसते. आजी म्हणते, रोज वाट बघत बसण्यापेक्षा पोर घरी राहिलेली बरी. घरी राहिली की वर्षाच्या आत लग्नाची बोलणी सुरू होतात. गेल्या तीन वर्षांत माझ्या दोन मुली अशा गेल्या. त्यातली एक नंतर बाजारात भेटली, कडेवर मूल होतं. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी काय बोलणार होते.

प्रयोगशाळा मलाही हवी आहे. पण गावातली शाळा बंद करून नको.

कोयत्याची_लेक

मी इथं फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझ्या आईबापाचा एक कोयता होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यावर मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. उचल घेतली की जावंच लागतं. सहावीपर्यंत मी आजीजवळ गावात राहिले. सातवीत आजी वारली. मग मला कुठं ठेवणार? गाडीत मी, धाकटा भाऊ, भांडी, पीठ, आणि माझं दप्तर. दप्तर आईनं पिठाच्या पोत्यात ठेवलं होतं, पाऊस लागला तर भिजू नये म्हणून. गणिताच्या पुस्तकाच्या पानांत नंतर कितीतरी दिवस पीठ निघत होतं.

कारखान्याच्या आसपास उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, घातल्या. आई-आबा पहाटे तीनला फडात जायचे. भाऊ माझ्याकडं. मोळ्या बांधायला, वाढं गोळा करायला पण मीच. एक दिवस भावाला कडेवर घेऊन मी त्या गावच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. तिथल्या गुरुजींनी आत बोलावलं. माझा दाखला नव्हता, पटावर नाव नव्हतं, तरी त्यांनी बसू दिलं. भाऊ माझ्या मांडीवर झोपायचा. आठवड्यातून तीन-चार दिवस मी जायची. गुरुजींनी दुसऱ्या रंगाच्या वहीत आमची हजेरी घ्यायला सुरुवात केली, फडावरची अशी आम्ही नऊ जण होतो. ती वही कुणी मागितली नव्हती.

एप्रिलमध्ये गावी आले तर आमच्या बाईंनी माझं नाव कमी केलेलं नव्हतं. परीक्षा दिली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवी सहा किलोमीटरवर. माझ्याबरोबरच्या पाच मुलींपैकी आम्ही दोघीच पुढं गेलो.

आज मी नर्स आहे. बालाघाटच्या बाई, तुमच्या सातवीतली जी नऊ मुलं गेली ती कुठंतरी फाटकाशी उभी असतील. त्यांना तिथं बसवून घेणारं कुणी असतं का, एवढंच मला कळायचंय.

उपनगरातले_सर

कोयत्याची लेक, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. फाटकाच्या आत जो उभा असतो त्याची बाजू मी सांगतो.

मी पुण्याजवळच्या एका उपनगरात महापालिकेच्या शाळेत सातवीला आहे. आमच्याकडे उलटी गंगा. जूनमध्ये माझ्या वर्गात ४१ मुलं होती, आज ६३ आहेत. बांधकामांच्या साईट सुरू झाल्या की मुलं येत राहतात, अगदी जानेवारीपर्यंत. घरात कुणी गोरमाटी बोलतं, कुणी वडारी, कन्नड, तेलुगू, भोजपुरी. मराठी माध्यमाच्या वर्गात मी 'अपूर्णांक' म्हणतो तेव्हा निम्म्या वर्गाला तो शब्दच नवा असतो. मग भाकरीचे तुकडे काढायचे फळ्यावर. भाकरी सगळ्यांना कळते.

दाखला नसला तरी प्रवेश द्यायचा, दाखल्याला उशीर झाला म्हणून नाकारायचं नाही, हे कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. वयानुसार वर्गात बसवायचं, हे कलम ४ मध्ये. आम्ही बसवतो. पण शिक्षकांची संख्या ठरली ३० सप्टेंबरच्या पटावर. ऑक्टोबरनंतर आलेली २२ मुलं त्यात नाहीत. त्यांच्यासाठी वर्षभर एकही जादा माणूस मिळत नाही.

आणि मुलांच्या नोंदी असलेल्या सरकारी पोर्टलचं काय होतं ते सांगतो. मूल माझ्यासमोर बसलेलं असतं आणि पोर्टलवर जुन्या शाळेत दिसतं. मी विनंती पाठवतो. महिना जातो, दोन महिने जातात, समोरची शाळा मुलाला सोडत नाही, कारण एक मूल सुटलं की त्यांचा पट एकानं उतरतो आणि कदाचित पदच जातं. बाई, तुम्हाला उद्देशून म्हणत नाही. पण मला अशा विनंत्या सर्वांत जास्त मराठवाड्यातल्या लहान शाळांकडेच पाठवाव्या लागतात.

बालाघाटची_बाई

सर, मला उद्देशून म्हणालात तरी चालेल. आम्ही अडवली आहे.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलाची विनंती आली होती, तुमच्याच बाजूच्या एका शाळेतून. त्याचे वडील तिकडे वॉचमन म्हणून लागले होते. प्रभारी सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, संच मान्यतेचं होऊ द्या, मग सोडू. त्यात अडीच महिने गेले. तेवढे दिवस त्या मुलाला तिकडे पुस्तकं मिळाली नसतील, गणवेश मिळाला नसेल, हे तुमची पोस्ट वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त आकडा होता. मी चुकले.

पण बघा, एका मुलापायी दोन सरकारी शाळा एकमेकींसमोर उभ्या राहतात. माझ्याकडून तो गेला तर माझ्या उरलेल्या तेरा मुलांचा विज्ञानाचा शिक्षक जाण्याची भीती, आणि तुमच्याकडे तो आला तरी तुम्हाला शिक्षक मिळत नाहीच. हंगामी स्थलांतर असलेल्या तालुक्यांत सहावी ते आठवीला तीन शिक्षक पटाशी न जोडता पक्के दिले, तर मला कुणाला अडवून ठेवायचं कारणच उरणार नाही. आणि तुमच्याकडे दुसरी मोजणी जानेवारीत व्हावी.

नवीन_गुरुजी

मी शिक्षणसेवक, भाषा विषय, सहावी ते आठवी. मूळ चंद्रपूरचा, नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, या सगळ्यातून जागा मिळेपर्यंत वयाची एकतिशी आली. तीन वर्षं दरमहा १६,००० मानधन. २०२३ ला वाढवलं, त्याआधी ६,००० होतं. माझ्याआधीचे लोक त्यात कसे राहिले असतील कोण जाणे.

आमच्या गावात घरं भरपूर आहेत, मुलं नाहीत. बाप मुंबईला, आणि पोरगं पाचवीत गेलं की आईसुद्धा त्याला घेऊन विरार-नालासोपाऱ्याला जाते. सहावी ते आठवी मिळून आमचा पट १८. त्यात सात कातकरी मुलं आणि चार नेपाळी. होय, नेपाळी. आंब्याच्या बागांवर राखणीला आलेल्या गुरख्यांची मुलं. इथली बोलीसुद्धा बोलतात, मराठी कविता तर माझ्या वर्गात त्यांच्यातलीच एक मुलगी सगळ्यांत छान म्हणते. त्या चौघांकडे आधार नाही. म्हणजे १८ चे १४ झाले. पुढच्या वर्षी माझं पद राहील की समायोजनात दुसरीकडे जाईन, सांगता येत नाही. मी गेलो तर गणिताच्या मॅडम एकट्या उरतील.

पेठेतल्या काकांना एक सांगतो. आमच्याकडे शिपाई नाही, क्लार्क नाही. खिचडीचा तांदूळ मोजणं, शाळेच्या माहितीचं युडायस भरणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मतदार याद्यांसाठी बीएलओचं काम, सगळं आम्हीच. १८ मुलांना दोन शिक्षक हे ऐकायला फार वाटतं, पण प्रत्यक्ष वर्गावर बऱ्याचदा एकच असतो.

निशिकासाईकर

मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते, मुलगा इथल्या सरकारी माध्यमिक शाळेत पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे आपली सातवी. तुलना करायला नव्हे, पण बालाघाटच्या बाईंनी वर्ग आणि विषय धरून मोजायला हवं असं लिहिलं, ते इथे खरोखर तसंच आहे म्हणून लिहिते.

१९५८ च्या एका कायद्यानं इथे आधी वर्ग किती हे ठरतं, आणि वर्गांच्या संख्येवरून शिक्षक ठरतात. माध्यमिकला एका वर्गात जास्तीत जास्त ४०. म्हणजे ४१ वं मूल आलं की दोन वर्ग होतात, आणि २०२६ पासून ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं ३५ वर येतेय. दोन इयत्ता मिळून आठच्या वर मुलं असतील तर त्या एकत्र बसवत नाहीत. त्यामुळे ४७ मुलांच्या तुमच्या शाळेत इथे तीन वेगळे वर्ग आणि विषयांचे शिक्षक असते. पगाराचा एक तृतीयांश वाटा केंद्र सरकारचा, बाकी प्रांताचा. शिक्षकांच्या बदल्या प्रांतभर होतात, तोक्योच्या शिक्षकाला दूरच्या ओगासावारा बेटांवरही जावं लागतं. शाळेत आरोग्यशिक्षिका असते आणि कार्यालयीन कामाला वेगळा माणूस असतो. भाषा न येणाऱ्या परदेशी मुलांसाठी १८ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलंय. माझ्या मुलाला त्याचा फार उपयोग झाला.

सगळं छान आहे असं नाही. इथले शिक्षक रात्री आठ-आठपर्यंत शाळेत असतात आणि आता या पेशात यायला तरुण तयार नाहीत. पण लहान शाळेतलं मूल आकड्यात हरवत नाही, एवढं मी बघतेय.

पेठेतला_पालक

चोवीस तासिकांचा हिशोब मी कागदावर करून पाहिला. बरोबर आहे. मी मुलांची संख्या धरून विचार करत होतो.

तरी माझ्या मुलीच्या वर्गातल्या ५५ मुली तशाच राहतात, आणि उपनगरातल्या सरांच्या ६३ मुलांचं उत्तर लहान शाळा वाचवून मिळत नाही, हेही तितकंच खरं. दोन्हीकडे माणसं हवीत. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर, ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागणार आहे. त्याचा या वर्गांवर काय परिणाम होईल, यावर जाणकारांनी लिहावं.

नर्सताईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख

टीईटीविषयी स्वतंत्र धागा काढावा, इथे विषय भरकटेल. एवढंच सांगतो, पंचवीस वर्षं वर्गावर असलेली माझी काही सहकारी मंडळी रात्री पुस्तकं घेऊन बसली आहेत.

नर्सताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फडावरच्या मुलांना जवळच्या शाळेत बसवून घ्यायची व्यवस्था आहे, आणि बालरक्षक म्हणून शिक्षक स्वतःहून कोप्यांवर जाऊन मुलं शोधतात, हे मी पाहिलेलं आहे. त्याहून बरा उपाय म्हणजे मुलानं गावातच राहणं. त्यासाठी हंगामी वसतिगृह आहे. मुलं रात्री नातेवाइकांकडे झोपतात, जेवण शाळेत. जूनमध्येच व्यवस्थापन समितीनं यादी करून प्रस्ताव टाकावा. मंजुरी दिवाळीनंतर आली तर उपयोग नसतो, तोवर मुलं गाडीत बसलेली असतात. शिवाय २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं. बाई, आपल्या आठवीच्या मुलींची नावं तिथे जरूर द्या. मुलगी वसतिगृहात असली की लग्नाची बोलणी निदान दोन-तीन वर्षं पुढे जातात, हा माझा अनुभव.

कोयत्याची_लेक

धन्यवाद काका. त्या गुरुजींना मी नंतर शोधलं होतं, ते निवृत्त झाले. ती दुसऱ्या रंगाची वही त्यांनी अजून ठेवली आहे. माझं नाव चौथ्या ओळीत आहे.

बालाघाटची_बाई

दीड महिन्यानं लिहितेय. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगते.

आठवीच्या पाच मुलींचे वसतिगृहाचे अर्ज भरले. तिघींच्या आयांची फोनवर समजूत घातली, त्या फडातच होत्या, बोलताना मागून कोयत्यांचा आवाज येत होता. दोघींच्या घरून अजून होकार नाही.

उपनगरातल्या सरांनी विनंत्यांची यादी पाठवली होती. त्यात आमच्या केंद्रातल्या शाळांची चार मुलं निघाली. चारही सोडली. एका मुख्याध्यापकांना मी स्वतः जाऊन भेटले, त्यांनी चहा दिला आणि समोरच बटण दाबलं.

आधारचं : पोस्टाचे कर्मचारी मशीन घेऊन शाळेत आले. तारखांचे चौघे जुळले. मामाच्या आडनावाच्या मुलीचा जन्मदाखला मिळाला, तिचंही होईल. राहिला किल्लीवाला. उशिराच्या जन्मनोंदीसाठी तहसीलला अर्ज करायचाय, आणि त्याला जन्मतारीख हवी. सर आणि मी काल वस्तीवर गेलो. आजी म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, बैलांच्या अंगावरचे रंग अजून तसेच होते. साल मात्र तिला सांगता येईना. खूप विचार करून म्हणाली, शेजारच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी लागलं त्या साली. पाणी लागलं तेव्हा मळेवाल्यानं पेढे वाटले होते, तेव्हा हा पोटात होता.

सर उद्या त्या मळेवाल्याकडे जाणार आहेत, विहिरीचं साल विचारायला.